शंकासमाधान : कार्व्हिंगचा स्नोबोर्ड आणि गोव्याचा पावसाळा

गेल्या अंकात अल्पाइन स्नोबोर्डचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. ज्यांनी तो उल्लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की हा बोर्ड नेहमीच्या स्नोबोर्डपेक्षा अरुंद, ताठ आणि लांब कडेचा असतो, त्यावर प्लॅस्टिकचे कडक हार्डबूट घालून पाय बऱ्याच अंशी पुढच्या दिशेला वळवून उभे राहतात, आणि वळण घेताना बोर्ड न घसरवता नुसत्या कडेवर झुकवून बर्फात बारीक, स्वच्छ रेघ कोरत जातात; यालाच कार्व्हिंग म्हणतात. गोव्यात राहून हा छंद करणाऱ्याचा बोर्ड वर्षातले दोन आठवडे बर्फावर आणि पन्नास आठवडे घरात असतो. पुढची बहुतेक उत्तरे हे लक्षात ठेवूनच दिली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. २०१८ च्या प्यॉंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का यांनी स्कीइंगमधले सुपर-जी आणि स्नोबोर्डमधले समांतर जायंट स्लॅलम या, खुणेच्या खांबांना वळसे घालत उतरण्याच्या शर्यतींची, दोन्ही सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून या प्रकाराची ओढ लागली आहे. गुलमर्गला दोनदा जाऊन मऊ बुटांच्या बोर्डवर शिकलो. वय ३४, वजन ७६ किलो. सगळे साहित्य एकदम घेणे परवडणारे नाही. सुरुवात कशापासून करावी? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी लगीन कोंडाण्याचे, तसे इथे आधी बूट. बोर्ड दिसायला देखणा असतो, त्याची छायाचित्रे पाहून माणूस भुलतो आणि पहिले पैसे त्यावर घालतो. मग उरलेल्या पैशांत मिळतील ते बूट घेतो आणि दोन दिवसांत नडगी सोलवटून घेऊन हॉटेलच्या खोलीत बसतो. कार्व्हिंगमध्ये बोर्ड कडेवर झुकवण्याचे सगळे काम नडगी, घोटा आणि बुटाची भिंत यांच्यामधून होते. टाच बुटात अर्धा सेंटिमीटर जरी उचलली गेली तरी तो झोल बोर्डपर्यंत पोहोचतो आणि महागातला महाग बोर्डही ऐकेनासा होतो.

हार्डबुटांचे माप मोंडो पद्धतीत असते, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजनावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटासमोर खूण करावी. भिंतीपासून खुणेपर्यंतचे अंतर २६.५ सेंटिमीटर भरले तर माप २६.५. आपल्या नेहमीच्या बुटाच्या क्रमांकावरून अंदाज करू नये, कारण तो जवळजवळ नेहमीच मोठा निघतो. खरी परीक्षा मात्र लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढून घेतल्यावर होते. रिकाम्या कवचात पाय घालून बोटे पुढे नुसती टेकतील इतका पाय सरकवावा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. एक ते दीड सेंटिमीटर उरली तर बूट बरोबर. दोनपेक्षा जास्त उरली तर तो कितीही आरामदायक वाटला तरी घेऊ नये.

येथे आपल्याकडची एक अडचण सांगितली पाहिजे. आयुष्य चपलेत काढलेले आपले पाय पुढून पसरट असतात आणि हे बूट मात्र युरोपीय साच्यावर बेतलेले. त्यामुळे लांबीला बरोबर असलेला बूट रुंदीला चावतो, आणि मग लोक एक माप मोठे घेऊन चूक करतात. त्याऐवजी लांबी योग्य तीच ठेवून उष्णतेने घडवता येणारा लायनर घ्यावा आणि तरीही चावला तर कवच त्या जागी तापवून फुगवून घ्यावे. हे काम करणारे कारागीर युरोपातल्या आणि जपानमधल्या स्की-गावांत सहज भेटतात, गोव्यात भेटत नाहीत. म्हणून परदेशी जाणे होणार असेल तर बूट तिथेच, पायात घालून, घ्यावेत. डीलक्स आणि यूपीझेड ही या प्रकारच्या बुटांतली दोन नावे आपल्याला वारंवार आढळतील. कोणत्याही कंपनीचे असोत, पहिल्या जोडीसाठी मध्यम कडकपणा पुरे. शर्यतीचा कडक बूट नवख्याचा घोटा जखडून ठेवतो.

बूट झाल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवणारी पकड. यात दोन प्रकार येतात. एकात पुढे-मागे पोलादी तारेची कडी आणि हाताने दाबायचा खटका असतो. दुसऱ्यात बुटाच्या टाचेतच दोन खिट्ट्या बसवलेल्या असतात, पाय दाबला की त्या आपोआप अडकतात आणि सोडवताना बुटाच्या वरच्या टोकाशी आलेली दोरी ओढावी लागते. दुसरा प्रकार सोयीचा आहे, पण त्यातली तार घासून तुटते आणि तिचा सुटा भाग आपल्याकडे दुकानात मिळत नाही. म्हणून पहिल्या संचासाठी मी साधा खटक्याचाच प्रकार सुचवीन. हे बाइंडिंग पडताना स्कीसारखे सुटत नाही, हे घरच्यांनी विचारण्याआधीच त्यांना सांगून ठेवावे.

बोर्ड शेवटी. आपल्या वजनाला १६२ ते १६८ सेंटिमीटर लांबीचा, कमरेपाशी, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागात, २० ते २१ सेंटिमीटर रुंदीचा आणि १० ते १२ मीटर साइडकट त्रिज्येचा (बोर्डची कड ज्या वर्तुळाच्या कमानीत आत वळलेली असते त्याची त्रिज्या), शर्यतीसाठी नसलेला बोर्ड पाहावा. आपण गुलमर्गला जाता, तेव्हा तिथल्या बर्फाविषयीही बोलले पाहिजे. तिथल्या अफरवट डोंगराच्या वरच्या उतारांची कीर्ती आहे ती भुसभुशीत, खोल, न दाबलेल्या बर्फासाठी, आणि अशा बर्फात अरुंद नाकाचा अल्पाइन बोर्ड नांगरासारखा रुततो. त्याला हवा यंत्राने दाबून सारखा केलेला उतार, आणि असा उतार गुलमर्गमध्ये गोंडोलाच्या, म्हणजे दोरमार्गाच्या, खालच्या टप्प्याभोवती मर्यादित प्रमाणात मिळतो; उत्तराखंडातल्या औलीचे उतार या कामाला अधिक सोयीचे आहेत. ताजा बर्फ पडला त्या दिवशी मऊ बूट घालून भाड्याचा बोर्ड घ्यावा आणि कार्व्हिंगचा हट्ट सोडावा, हे मी स्वतः तीन दिवस वाया घालवून शिकलो.

प्रश्न : म्युनिकला असलेल्या माझ्या मावसभावाला त्याच्या मित्राने शर्यतीचा जुना बोर्ड फुकट देऊ केला आहे. लांबी १८५ सेंटिमीटर, कंबर १९ सेंटिमीटर, त्रिज्या २० मीटर. माझे वजन ५४ किलो आणि पायाचे माप २४ आहे. तो मे महिन्यात गोव्यात येताना घेऊन येईल म्हणतो. आणू द्यावा का? — एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : आणू देऊ नये. बोर्ड फुकट असला तरी विमानात पावणेदोन मीटरपेक्षा लांब नगाचे शुल्क फुकट नसते, आणि इतका खर्च करून जे घरी येईल ते आपल्या उपयोगाचे नसेल. हा बोर्ड जायंट स्लॅलमच्या बांध्याचा आहे. पंचाऐंशी-नव्वद किलोचा पुरुष वेगात असताना त्याला वाकवू शकेल, अशा हिशेबाने त्याचा ताठपणा ठरवलेला असतो. आपल्या वजनाने तो वाकणार नाही, आणि न वाकलेला बोर्ड वळत नाही, सरळ जातो.

त्रिज्येचे गणित थोडक्यात सांगतो, कारण विकत घेताना हाच आकडा सर्वांत जास्त बोलतो. बोर्ड कडेवर जितका जास्त झुकेल तितके वळण लहान होते. प्रत्यक्ष वळणाची त्रिज्या म्हणजे बोर्डची त्रिज्या गुणिले झुकावाच्या कोनाची कोसाइन. २० मीटरचा बोर्ड ४५ अंशांत झुकवला तर वळण सुमारे १४ मीटर त्रिज्येचे होईल, आणि त्या कोनात तोल सांभाळायचा तर ढोबळ हिशेबाने ताशी ४२ किलोमीटर वेग लागेल. १० मीटरच्या बोर्डवर हेच ४५ अंश ताशी ३० किलोमीटरला साधतात. शिकाऊ माणसांनी, घोडेवाल्यांनी आणि स्लेजवाल्यांनी भरलेल्या आपल्याकडच्या उतारावर यातला कोणता वेग शोभेल, हे मी सांगायला नको.

आपण १५२ ते १५८ सेंटिमीटर लांबीचा आणि ९ ते १० मीटर त्रिज्येचा बोर्ड शोधावा. कंबर १९ सेंटिमीटर असायला हरकत नाही; लहान पायाला अरुंद बोर्ड उलट बरा. बाइंडिंगचा कोन पुस्तकातून घेऊ नये, जमिनीवर ठरवावा. बोर्ड सतरंजीवर ठेवून बूट बाइंडिंगमध्ये अडकवावेत आणि एक लाकडी पट्टी बुटाच्या चवड्याला व टाचेला उभी लावून पाहावी. बूट कडेच्या रेषेबाहेर आला तर झुकल्यावर तो बर्फाला लागेल आणि कडा उचलली जाऊन आपण पडाल, म्हणून तो आत येईपर्यंत कोन वाढवावा. आपल्या मापाला पुढचा पाय ५५ अंशांच्या आसपास आणि मागचा त्याहून तीन-चार अंश कमी, असे बहुधा जमेल. मागच्या टाचेखाली आणि पुढच्या चवड्याखाली सुमारे तीन अंशांची पाचर घातली की गुडघ्यांवरचा ताण बराच कमी होतो.

प्रश्न : माझ्याकडे स्कीचे चांगले बूट आहेत. तेच हार्डबुटांच्या प्लेट बाइंडिंगमध्ये चालणार नाहीत का? — एक वाचक, पर्वरी

उत्तर : अडकतील, पण चालणार नाहीत. स्कीच्या बुटाचा तळ लांब असतो, त्यामुळे तो अरुंद बोर्डच्या कडेबाहेर येतो, आणि त्याचा घोटा बाजूला अजिबात झुकत नाही, जे स्नोबोर्डवर पदोपदी लागते. एखाद्या दिवशी प्रयोग म्हणून करून पाहावे, संसार त्यावर मांडू नये.

प्रश्न : जपानमध्ये नोकरीला असताना घेतलेला बोर्ड, दोन बाइंडिंग आणि हार्डबुटांचा जोड घेऊन गेल्या वर्षी कायमचा मडगावला परतलो. पहिल्याच पावसाळ्यानंतर कडा तांबारल्या, लायनरला पांढरी बुरशी आली आणि एका बकलाच्या रिव्हेटभोवती केसासारखी चीर दिसते आहे. तिकडे सहा वर्षांत यातले काही झाले नव्हते. येथे हे साहित्य टिकवायचे तरी कसे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आपण तिघांची तक्रार एकाच वाक्यात केली आहे, पण त्यांतल्या दोघांना क्षमा आहे आणि तिसऱ्याला नाही. गंज घासून निघतो, बुरशी पुसून निघते; चीर मात्र निघत नाही. तो बूट आता बर्फावर नेऊ नये.

हे असे का होते ते सांगतो. बऱ्याच हार्डबुटांची कवचे पॉलियुरेथेन जातीच्या प्लॅस्टिकची असतात, आणि या जातीच्या अनेक प्लॅस्टिकांच्या लांबलचक साखळ्या हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. उष्णता असली की ती वेगाने होते. जुलैत आपल्याकडच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर. बूट न वापरता कपाटात ठेवले तरी ही क्रिया चालूच राहते, किंबहुना न वापरलेल्या बुटाकडे कोणी पाहत नसल्यामुळे ती लक्षातही येत नाही. माझा स्वतःचा पहिला जोड मी कौलारू घराच्या माळ्यावर, कागदात गुंडाळून, मोठ्या काळजीने ठेवला होता. मे महिन्यातली कौलांखालची भट्टी आणि त्यानंतरचे चार महिने पाऊस, असे तीन वर्षे झाल्यावर तो औलीला पहिल्याच वळणात घोट्यापाशी फुटला आणि प्लॅस्टिकचा तुकडा बिस्किटासारखा हातात आला. सुदैवाने उतार सौम्य होता. तेव्हापासून माळा हा शब्द या साहित्याच्या संदर्भात मी वर्ज्य मानतो.

मग ठेवावे कोठे? घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, कारण ती भिंत पावसाळ्यात पाणी धरते. आपल्याकडे कॅमेरे सांभाळणारे लोक बंद कपाटात कमी वॅटचा साधा पिवळा दिवा लावून ठेवत, तो उपाय बोर्डसाठी आणि लायनरसाठी आजही चालतो, पण बुटांची कवचे दिव्याच्या अगदी जवळ ठेवू नयेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात अर्धा किलो सिलिका जेल. रंग बदलणारी जात घ्यावी; रंग बदलला की ती मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ काही शे रुपयांत मिळते, ते डब्यात टाकावे आणि काटा पन्नासच्या खाली राहील असे पाहावे. लायनर कवचातून बाहेर काढूनच ठेवावेत. ते वाळवताना उन्हात टाकू नयेत, पंख्याखाली दोन दिवस ठेवावेत. बुरशी आली असेल तर पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून पुन्हा वाळवावेत. कवचाची बकले सैलसर लावून ठेवावीत, म्हणजे त्याचा आकार बिघडत नाही.

बोर्डचे काम मे महिन्यात, पहिल्या वळिवाच्या आधी, उरकावे. आधी बाइंडिंग काढावेत. स्क्रू जागेवरच राहिले तर खारट हवेत ते जाम होतात, आणि मग ते काढताना बोर्डच्या आत बसवलेली आटेदार पुंगळीच फिरते, जिला दुरुस्ती नाही. कडेवरचा गंज रबरी घासणीने, म्हणजे ज्याला गमी स्टोन म्हणतात त्याने, एका दिशेने काढावा. त्यासाठी कानस लावू नये, कारण कडेचे पोलाद मुळातच दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि प्रत्येक कानशीने ते कमी होते. त्यानंतर तळावर गरम इस्त्रीने मेणाचा जाड थर द्यावा, तो दोन्ही कडांवरून बाहेर ओघळू द्यावा आणि तसाच, न खरवडता, हिवाळ्यापर्यंत राहू द्यावा. गंजाला अटकाव करणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. कपड्यांची वाफेची इस्त्री वापरू नये. तिच्या भोकांत मेण जाते आणि तिचे तापमान वरखाली होत राहते. जुनी, सपाट तळाची, बिनवाफेची इस्त्री या कामासाठी कायमची वेगळी काढावी, मेणातून धूर निघू लागला तर ती जास्त तापली असे समजावे आणि ती तळावर एका जागी कधीही थांबवू नये. बोर्ड आडवा, कसलेही वजन न ठेवता ठेवावा. दोन बोर्ड तळाला तळ लावून घट्ट बांधून ठेवण्याची काहींना सवय असते. तसे महिनोन्महिने ठेवले तर मधला उंचवटा, म्हणजे कॅम्बर, बसतो.

चवथीच्या आधी घरची साफसफाई निघतेच, त्यात हा डबाही उघडून पाहावा. पावसाळ्याच्या मधल्या तपासणीला याहून सोपा मुहूर्त नाही.

कडेला धार लावण्याचे काम पावसाळ्यानंतर, निघण्याच्या आठवडाभर आधी करावे, कारण धारदार उघडे पोलाद आपल्या हवेत दोन दिवसांत तांबूस होते. तळाच्या बाजूने एक अंश आणि बाजूने दोन ते तीन अंश, हा कोन बहुतेकांना पुरतो. कोन धरून ठेवणारा साचा विकत घ्यावा. नुसत्या हाताने धार लावणे सुऱ्यांना जमते, बोर्डला जमत नाही.

प्रश्न : बोर्डला लावण्याचे खास मेण मिळत नाही. जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या वेळी आणलेल्या मेणबत्त्या घरात पडून आहेत. त्या चालतील का? — एक वाचक, दिवाडी

उत्तर : पावसाळ्यातल्या साठवणीपुरत्या चालतील, मात्र त्या साध्या पांढऱ्या पॅराफिनच्या, बिनरंगाच्या आणि बिनवासाच्या असाव्यात. स्कीचे साधे मेणही मूळचे पॅराफिन वर्गातलेच असते. बर्फावर जाण्याआधी तो थर इस्त्रीने मऊ करून गरम असतानाच खरवडून काढावा आणि बर्फासाठीचे खरे मेण लावावे, कारण मेणबत्तीच्या मेणावर बोर्ड अडखळत चालतो. फ्लोरिनयुक्त मेण कोणी जुने म्हणून देऊ केले तर घेऊ नये. त्यातली द्रव्ये निसर्गात वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून स्पर्धांत त्यांवर पूर्ण बंदी घातली आहे.

प्रश्न : मी जहाजावर नोकरीला आहे. परदेशी बंदरांत उतरणे होते तेव्हा वापरलेले बोर्ड स्वस्तात दिसतात. दोन-तीन आणून एक स्वतःला ठेवावा आणि बाकीचे विकावेत असा विचार आहे. घेताना काय पाहावे आणि विकताना काय सांगावे? — एक वाचक, वास्को

उत्तर : प्रथम कायद्याचे. स्वतःच्या वापराची वस्तू सोबत आणणे आणि विक्रीसाठी माल आणणे यांत सीमाशुल्काच्या दृष्टीने फरक आहे, आणि दोन-तीन सारखे नग सोबत असतील तर अधिकारी तो फरक करणारच. खलाशांसाठीचे नियमही वेगळे आहेत. मुरगाव बंदरातल्या सीमाशुल्क कार्यालयात आधी विचारावे आणि मगच पैसे गुंतवावेत.

आता वस्तूचे. वापरलेला बोर्ड हातात आला की मी आधी त्याचा तळ पाहत नाही, त्याच्या कडेतून डोळा लावून लांबीने पाहतो, जसा सुतार फळी पाहतो. पीळ किंवा बाक दिसला की तो तिथेच ठेवतो. याला विशेष कारण आहे. बऱ्याच अल्पाइन बोर्डांत टायटनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे घातलेले असतात. त्यांनी बोर्ड कडक बर्फावर थरथरत नाही, पण पत्रा एकदा मर्यादेबाहेर वाकला की तसाच राहतो. लाकडाचा आणि काचतंतूचा बोर्ड चूक पोटात घालतो. धातूचा घालत नाही. म्हणून नवख्याने धातूचा जुना बोर्ड, किंमत पाहून हुरळून, घेऊ नये असे माझे मत आहे.

यानंतर बोर्ड सपाट फरशीवर ठेवून मधला उंचवटा पाहावा, पोलादी पट्टी तळावर आडवी धरून उजेडाकडे पाहावे आणि तळ मध्येच खोलगट झाला आहे का ते बघावे. बोटाच्या पेराने वरून टकटक करत जावे. जिथे आवाज पोकळ येईल तिथे थर सुटले आहेत. बाइंडिंगच्या खाली तळाला फुगवटे असतील तर कोणीतरी प्रमाणाबाहेर लांब स्क्रू पिळलेले असतात. स्क्रू सहा मिलिमीटर व्यासाचे असतात, पण लांबी बाइंडिंगच्या जाडीवर ठरते, आणि ही चूक माहीतगारांकडूनही होते. भोकांची मांडणीही पाहावी: बहुतेक बोर्डांवर चार सेंटिमीटरच्या चौकटीत चार भोके असतात, पण बर्टन कंपनीच्या जुन्या बोर्डांवर तीन भोकांची त्रिकोणी मांडणी असते आणि तिला वेगळी तबकडी लागते. ती तबकडी मिळत असेल तरच सौदा करावा. कडेचे पोलाद किती उरले आहे ते नाकाजवळ, जिथे धार लागत नाही, आणि पायाखाली, अशा दोन ठिकाणी मापून तुलना करावी.

बूट वापरलेले घेऊ नयेत, असे सरसकट सांगणारे पुष्कळ आहेत. मी तितका कडक नाही. साच्यातून काढलेल्या अनेक कवचांवर, आत किंवा तळाशी, घड्याळाच्या तबकडीसारखा छोटा शिक्का असतो, त्यात महिना आणि वर्ष वाचता येते. दहा वर्षांहून जुने असेल तर, एकदाही न वापरलेले असले तरी, सोडून द्यावे. त्याहून नवे, थंड कोरड्या प्रदेशात राहिलेले आणि आपल्या मापाचे असेल तर लायनर बदलून ते सुखाने वापरता येते.

विकताना आपण ज्या गोष्टी शोधल्या त्याच लिहाव्यात: लांबी, कंबर, त्रिज्या, भोकांची मांडणी, चालवणाऱ्याचे वजन, किती दिवस चालवला, कडा किती वेळा घासली, कोठे दुरुस्ती केली. बाइंडिंग सोबत देत असाल तर ते कोणत्या मापाच्या बुटाला लागतात ते तळाच्या मिलिमीटरमध्ये सांगावे. तळाचे छायाचित्र समोरून न काढता खिडकीच्या तिरप्या उजेडात काढावे; ओरखडे त्यात दिसतात, आणि ते दिसू देणे आपल्याच हिताचे आहे, कारण या छंदातली माणसे थोडी आहेत, एकमेकांना ओळखतात आणि एकदा उडालेला विश्वास पुन्हा बसत नाही. सौदा गोव्यात होईल ही आशा ठेवू नये. गिऱ्हाईक पुणे, मुंबई, बेंगळुरू येथले, नाहीतर गुलमर्ग-मनालीचे. विक्रीचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, खरेदीचा मार्च-एप्रिल. परदेशी दुकाने मोसम संपताना जागा मोकळी करतात तेव्हा आपल्याला बंदर लागले तर ते नशीब.

पाठवताना बोर्डच्या कडांवर उभी चिरलेली बागेतल्या पाण्याची नळी चढवावी आणि नाक-शेपटीला फोम बांधावा. मडगावहून रेल्वेच्या पार्सलने किंवा पुणे-बेंगळुरूच्या खासगी बसच्या डिकीतून असे नग जातात. बसवाल्याला आत धार आहे हे आधी सांगावे.

प्रश्न : आमच्याकडे ट्रॉलर आणि होड्यांची फायबरची कामे होतात. भाच्याच्या बोर्डचे शेपटीकडचे थर सुटले आहेत. होडीला लावतो तेच रेझिन भरून द्यावे का? — एक वाचक, बेतूल

उत्तर : हाताची कसब तीच लागेल, रेझिन मात्र वेगळे. होड्यांना सहसा पॉलिएस्टर रेझिन लावतात. ते घट्ट होताना आकसते आणि लाकडाला व जुन्या इपॉक्सीला नीट धरत नाही. बोर्डसाठी सावकाश घट्ट होणारे दोन भागांचे इपॉक्सी घ्यावे. आधी फट कोरडी करणे हे अर्धे काम आहे: बोर्ड आठवडाभर सिलिका जेलच्या डब्याजवळ किंवा वातानुकूलित खोलीत ठेवावा, कारण आत ओल राहिली तर वरून कितीही दाबले तरी थर पुन्हा सुटतो. हेच काम जुलैत हाती घेऊ नये. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा धरतो. मिश्रण थोडे कोमट केले की पातळ होऊन खोलवर जाते. ते सिरिंजने आत सोडावे आणि पातळ पात्याने पसरावे. वर-खाली बटर पेपर आणि सरळ लाकडी पट्ट्या ठेवून शिकंजे लावावेत, पण फक्त सुटलेल्या भागापुरते. सबंध बोर्ड सपाट दाबला तर उंचवटा जाईल. चोवीस तास हात लावू नये.

भाच्याचा बोर्ड धातूच्या पत्र्याचा असेल, किंवा थर शेपटीकडे न सुटता दोन पायांच्या मध्ये अथवा पायाखाली कडेला सुटले असतील, तर हे काम घेऊ नये. पत्र्याला इपॉक्सी धरायला कारखान्यात पृष्ठभागावर जी प्रक्रिया करतात ती होडीच्या शेडमध्ये होत नाही, आणि पायाखालचा जोड ऐन वळणात सुटला तर भाचा कोठे जाऊन थांबेल हे उतारच ठरवील. शेपटीचेच असेल तर दुरुस्तीनंतर कडेलगतच्या वरच्या थरातले बारीक टवकेही त्याच मिश्रणाने बुजवून टाकावेत. पाणी आत शिरते ते बहुधा तेथूनच.